सही चेंडूवर घ्यावी की कागदावर?

न्यू जर्सीत वाढणारी आपली मुलं लिटल लीगमध्ये बेसबॉल खेळायला लागली, की कधीतरी घरात सही केलेला पहिला चेंडू येतो. आमच्याकडेही तसाच आला. मुलाला आणखी हवे असतात आणि आईबाबांना प्रश्न पडतो: जमवायचं तर नेमकं काय? चेंडू, बॅट, फोटो, कार्ड की जर्सी?

माझं मत आधीच सांगतो. चेंडू खेळाडूकडून समोरासमोर सही करून घ्यावा. विकत घ्यायची वेळ आली, तर सुरुवातीला कागदावरचीच सही घ्यावी.

चेंडूचा मान पहिला, यात वाद नाही. जिथे दोन शिवणी सगळ्यात जवळ येतात त्या अरुंद पट्टीला स्वीट स्पॉट म्हणतात. तिथे एकट्या खेळाडूची, निळ्या बॉलपेननं केलेली सही सगळ्यात मोलाची. मार्कर चेंडूवर चालत नाही. त्याची शाई चामड्यात पसरते आणि काही वर्षांत अक्षरांच्या कडा फुगतात. उजेड हा दुसरा शत्रू. आमचा पहिला चेंडू मी कौतुकानं खिडकीशेजारच्या फळीवर ठेवला होता. चार उन्हाळ्यांनंतर खिडकीकडची बाजू पिवळी पडली आणि सहीतलं पहिलं अक्षर तेवढं ओळखू येत होतं. मुलगा काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा मला अजून आठवतो. पारदर्शक डबी घेतली म्हणजे उजेड अडला असं होत नाही. चेंडू अंधाऱ्या कपाटातच बरा.

चेंडू विकत घेताना सहीच्या आधी त्याच्यावरचा छापील मजकूर वाचा. १९७७ पासून मेजर लीगचे, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलचे, चेंडू रॉलिंग्ज कंपनी पुरवते. १९९९ च्या मोसमापर्यंत तिच्यातल्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगचे चेंडू वेगळे होते आणि त्यांवर त्या त्या लीगच्या अध्यक्षाचं नाव असे. २००० पासून दोन्हींसाठी एकच चेंडू आला, त्यावर मेजर लीगच्या प्रमुखाचं, म्हणजे आयुक्ताचं नाव. यांकीज संघाचा महान खेळाडू मिकी मँटल १९९५ मध्ये गेला. तेव्हा २००० नंतरच्या चेंडूवर त्याची सही दिसली, तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

अख्ख्या संघाच्या सह्यांचा चेंडू दिसायला फार सुंदर. पण जुन्या काळी अशा चेंडूंवर मोठ्या खेळाडूची सही कधीकधी ड्रेसिंग रूममधला मदतनीस किंवा बॅटी सांभाळणारा पोऱ्या, म्हणजे बॅटबॉयच ठोकून द्यायचा. त्या संघावर जीव असेल तर जरूर घ्या, मात्र त्यातल्या एका नावासाठी जास्त पैसे मोजू नका.

बॅटवर सही उत्तम बसते. फिक्या लाकडावर निळा मार्कर, काळ्या बॅटवर चंदेरी पेंट पेन. अडचण जागेची. चौतीस इंचांची एक बॅट भिंतीवर शोभते, पण दहा बॅटी कुठे ठेवणार? जर्सीचंही तेच, शिवाय फ्रेमचा खर्च सहीपेक्षा जड होतो. फोटो स्वस्त असतात, पण छापलेली सही खरी म्हणून खपवायला फोटोसारखी सोपी वस्तू नाही. भिंगाखाली शाई कागदाच्या वर बसलेली दिसते की ठिपक्यांत छापलेली, एवढं तरी पाहाच.

आता खेळाडूंच्या चित्रांची, पाकिटांत विकली जाणारी कार्डं. अपर डेक या कार्डांच्या कंपनीनं १९९० साली नामवंत खेळाडू रेजी जॅक्सनच्या सहीची २,५०० कार्डं पाकिटांत टाकली आणि तिथून हा प्रकार रुजला. कंपनीच सहीची हमी देते, ही मोठी सोय. पण बऱ्याच कार्डांवर सही असते ती चिकटपट्टीवर. खेळाडू पट्ट्यांच्या तावावर सह्या करतो आणि त्या नंतर कार्डावर चिकटवतात. मला हे पटत नाही. खेळाडूचा हात त्या कार्डाला लागलेलाच नसतो. थेट कार्डावर केलेली सही थोडी महाग पडली तरी तीच घ्या.

माझा जीव जडला तो कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांचा मान करणाऱ्या संग्रहालयाच्या, पिवळ्या पोस्टकार्डांवर. तिथल्या भिंतीवर प्रत्येक मानकऱ्याचा जो कांस्यफलक आहे, त्याचंच चित्र या कार्डावर. ही पिवळी कार्डं १९६४ पासूनची आहेत. जुन्या काळचा थोर खेळाडू टाय कॉब १९६१ मध्ये गेला, म्हणजे त्याची सही यावर असूच शकत नाही. कोरं कार्ड स्वस्त, शाई टिकते, शंभर कार्डं एका वहीत मावतात आणि भारतात न्यायची तर हातातल्या बॅगेत जातात. मुंबई-कोकणात नेणार असाल तर पावसाळ्याचा विचार करा. चामड्याला बुरशी धरते. कागदालाही दमट हवा सोसत नाही, पण सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात तो सांभाळणं सोपं.

दिवंगत खेळाडूची सही हवीच असेल तर जुना बँकेचा चेक पाहा. कॉबचे चेक आजही मिळतात, बरेचसे हिरव्या शाईतले. तारीख, रक्कम, बँकेचा शिक्का असं सगळं एकाच कागदावर असतं.

नकलांची भीती उगाच नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एफबीआयनं ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये नकली सह्यांची मोठी टोळी पकडली. त्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे चेंडूसुद्धा निघाले. सॅन दिएगोच्या संघातला नामवंत खेळाडू टोनी ग्विन यानं आपल्याच नावाच्या खोट्या सह्या ओळखल्या होत्या. मेजर लीगचं होलोग्रामचं स्टिकर २००१ पासून आलं. सही होताना त्यांचा माणूस तिथे हजर असतो, म्हणून ते स्टिकर म्हणजे साक्ष. पीएसए, जेएसए किंवा बेकेट या कंपन्या सही नंतर तपासतात, तेव्हा त्यांचा दाखला म्हणजे जाणकाराचं मत. दोन्ही उपयोगी, पण पैसे मोजताना हा फरक लक्षात असू द्या.

जमलं तर मार्चमध्ये मुलांना घेऊन फ्लोरिडा किंवा ॲरिझोनाला, मेजर लीगचे संघ मोसमाआधी सराव करतात त्या मैदानांवर जा. सकाळी लवकर कठड्याशी उभं राहा. नवा चेंडू, दोन निळी बॉलपेनं आणि एक पिवळं कार्ड कुणा जुन्या मानकऱ्यासाठी. पेन आधी कागदावर फिरवून पाहा. चेंडू देताना स्वीट स्पॉट खेळाडूकडे करा, नाव घेऊन विनंती करा. चेंडू परत हातात आला की तो शिवणीवर धरायचा आणि शाई वाळेपर्यंत खिशात घालायचा नाही.