दुसरा गिअर पुन्हा हलक्या हाताने पडतोय: गिअर ऑइल बदलल्यानंतरचे आठ महिने

गिअरबॉक्सचं तेल मी स्वतः बदललं, त्याला आता आठ महिने झाले. तेव्हापासून गाडी ११,३०० किलोमीटर चालली आहे. उकाड्याचे आणि कडाक्याच्या थंडीचे, दोन्ही दिवस त्यात येऊन गेले. गाडी पेट्रोल हॅचबॅक, पुढच्या चाकांवर ओढणारी, पाच गिअरची. तेल बदललं तेव्हा मीटरवर ९२,००० होते.

त्रास एकच होता, पण रोजचा. सकाळी गाडी काढली की पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर सुखाने पडायचा नाही. दांडा न्यूट्रलमधून मागे ओढला की मध्येच अडायचा, तळहाताला खरखर जाणवायची आणि जरा घाई केली की खर्रर्र. गाडी तापली की जणू काही झालंच नव्हतं. दोन ठिकाणी दाखवली. दोन्हीकडे उत्तर एकच मिळालं: सिंक्रोच्या, म्हणजे गिअर बसण्याआधी वेग जुळवणाऱ्या, रिंगा गेल्या, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

उतरवायच्या आधी जुनी बिलं काढून बसलो. ५५,००० किलोमीटरला एका गॅरेजमध्ये गिअर ऑइल बदललेलं होतं आणि बिलावर स्वच्छ लिहिलं होतं: ८०डब्ल्यू-९० (हा तेलाचा जाडपणा), जीएल-५ (हा तेलाचा प्रकार). गाडीचं मॅन्युअल उघडलं तर तिथे ७५डब्ल्यू-८०, जीएल-४. त्रास सुरू झाला तो त्यानंतरच्या पहिल्याच थंडीत. त्या गॅरेजने मुद्दाम काही केलं असं मला वाटत नाही. चारापेक्षा पाच मोठा, म्हणून जीएल-५ वरच्या दर्जाचं, हा समज सर्रास आहे. माझाही तोच होता.

जीएलच्या पुढचा आकडा दर्जा सांगत नाही, काम सांगतो. जीएल-५ तेल हायपॉइड गिअरसाठी असतं, म्हणजे मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शियलमध्ये असतात तसे. तिथे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, जबरदस्त दाबाखाली लांबीच्या दिशेने घसरतातही. त्या दाबात तेलाचा थर टिकत नाही, म्हणून गंधक आणि फॉस्फरसची रसायनं घातलेली असतात. ती धातूशी संयोग पावून पृष्ठभागावर संरक्षक पापुद्रा तयार करतात. जीएल-५ मध्ये ही रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट. बाटली उघडल्यावर येणारा तो उग्र दर्प गंधकाचाच.

आता माझ्यासारख्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये काय चालतं ते बघा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना इनपुट शाफ्टचा, म्हणजे इंजिनाकडून गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या दांड्याचा, वेग झपकन उतरावा लागतो. पहिल्या गिअरचं प्रमाण ३.५ आणि दुसऱ्याचं १.९ धरलं आणि मिनिटाला ४,००० फेऱ्यांना गिअर बदलला, तर शाफ्टला जवळजवळ २,२०० वर यावं लागतं. क्लच दाबलेला असताना हे काम करते एक छोटी पितळी रिंग, तीच सिंक्रोची रिंग. तिच्या आतल्या अंगाला सुताएवढ्या बारीक खाचा असतात. त्या खाचा समोरच्या शंकूवरचा तेलाचा थर कापतात, रिंग शंकूला धरते, दोघांचा वेग जुळतो आणि मगच दात एकमेकांत बसतात. थोडक्यात, सगळीकडे घर्षण नको असलेल्या या पेटीत एका जागी घर्षण हवंच असतं. तेल फार निसरडं असेल तर रिंग घसरत राहते. थंडीत फार घट्ट असेल तर थर वेळेत कापला जात नाही. माझ्या गाडीत दोन्ही दोष एकदम आले होते. दुसऱ्याच गिअरला त्रास का, याचंही उत्तर यातच आहे, कारण वेगातली सर्वांत मोठी उडी तिथेच असते.

जीएल-५ पितळ खातं असंही सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण सरसकट नाही. गिअर ऑइलसाठी तांब्याच्या पट्टीची एक चाचणी असते: घासून लख्ख केलेली पट्टी १२१ अंश सेल्सिअसच्या तेलात तीन तास ठेवतात आणि ती किती काळवंडली ते ठरावीक नमुन्यांशी ताडून बघतात. नव्या तेलांमध्ये पितळ-तांब्याला जपणारी रसायनंही घातलेली असतात. त्यामुळे एकदा चुकून जीएल-५ पडलं म्हणून रिंगा विरघळल्या, असं होत नाही. माझ्या रिंगा तर ३७,००० किलोमीटर त्यात काढून शाबूत निघाल्या. निसरडेपणाचा त्रास मात्र रिंगा शाबूत असतानाही होतो.

आकड्यांचा दुसरा घोळ जाडपणाचा. गिअर ऑइलची मोजपट्टी इंजिन ऑइलपेक्षा वेगळी आहे. ९० हा आकडा ऐकून ४० च्या दुप्पट घट्ट वाटतं, प्रत्यक्षात १०० अंशांना दोन्ही जवळपास सारखीच असतात: गिअरचं ९० म्हणजे १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स (जाडपणा मोजायचं एकक), इंजिनचं ४० म्हणजे १२.५ ते १६.३. गिअरचं ८० मात्र ११ च्याही खाली. म्हणजे मॅन्युअलने ८० मागितलं असताना ९० घातलं, तर ते गरम असतानाही स्पष्ट घट्ट, आणि डब्ल्यूचा, म्हणजे थंडीतल्या जाडपणाचा, आकडा ७५ऐवजी ८० असल्याने थंडीत त्याहून घट्ट.

तेल निवडताना मी बाटलीची पुढची बाजू बघणं सोडून दिलं. मागच्या बाजूला तीन गोष्टी शोधल्या: ७५डब्ल्यू-८०, फक्त जीएल-४, आणि सिंक्रोनायझर असलेल्या मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख. ‘जीएल-४/जीएल-५’ असं दोन्ही छापलेल्या बाटल्याही मिळतात. गाडी बनवणाऱ्याने मंजूर केलेलं असेल तर जरूर घ्या, पण नुसत्या त्या छापावर मी तरी विसंबणार नाही. आणि सगळ्याच मॅन्युअल गिअरबॉक्सना गिअर ऑइल लागतं असंही नाही. काहींना ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं पातळ तेल लागतं, होंडाच्या कित्येक जुन्या गाड्यांत तर साधं इंजिन ऑइल सांगितलेलं होतं. म्हणून मित्राच्या गाडीत काय घातलं हे विचारण्यात अर्थ नाही, स्वतःच्या गाडीचं पुस्तक उघडा.

प्रत्यक्ष कामाला मला तीन तास लागले. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो: तेल काढायचा बोल्ट उघडण्यापूर्वी तेल भरायचा बोल्ट सुटतोय ना, ते बघा. खालचा उघडून तेल सांडून दिलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागची हलवता येत नाही. माझा वरचा बोल्ट खरंच हटून बसला होता. गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबलो, मग लांब दांड्याच्या पान्याने जोर लावल्यावर कर्रर्र करत सुटला.

त्याआधी गाडी पंधरा मिनिटं फिरवून आणली होती, कारण कोमट तेल गाळ घेऊन उतरतं. गाडी चारही बाजूंनी स्टँडवर, सपाट. नुसतं पुढून उचलली तर पातळी चुकते. आणि जॅकच्या भरवशावर कधीही गाडीखाली जाऊ नका, स्टँड हवेतच.

निघालेलं तेल काळपट तपकिरी होतं आणि प्रकाशात धरल्यावर त्यात बारीक चमक तरळत होती. माझ्या गाडीत तेल काढायच्या बोल्टच्या टोकाला लोहचुंबक आहे. त्यावर करड्या रंगाचा लेप जमला होता, जेमतेम नखभर जाड. बोटांत घेऊन चोळला तर काजळासारखा मऊ, एकही कण टोचला नाही. त्या क्षणी जीव भांड्यात पडला. असा मऊ लेप म्हणजे दातांची नेहमीची झीज. कपची, टोकदार तुकडा किंवा पितळी चुरा दिसला असता तर बॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून निघालेलं तेल जुन्या सुती कापडातून गाळूनही बघितलं. कापडावर सोनेरी काही राहिलं नाही.

मॅन्युअलप्रमाणे २.१ लिटर बसतं, माझ्याकडे १.९ निघालं. बाकीचं आत कोपऱ्यांत राहतंच. बोल्टचे वॉशर दोन्ही नवे घातले. जुने एकदा दाबले गेलेले असतात, पुन्हा वापरले की पाझरतात. भरायला हातपंप आणि लांब नळी. भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठाशी तेल आलं आणि बारीक धार बाहेर येऊ लागली की थांबायचं, धार तुटली की बोल्ट लावायचा. बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. पेटी ॲल्युमिनियमची असते, अंदाजाने आवळलं तर आटे जातात. जुनं तेल डब्यात बंद करून वापरलेलं तेल घेणाऱ्या वर्कशॉपला दिलं.

आता फरक. पहिल्याच दिवशी दांडा हलका लागला, पण नव्या कामाचा उत्साह असतो, म्हणून मी तो हिशेबात धरला नाही. पहिल्या दोन आठवड्यांत सकाळची खरखर कमी झाली, पूर्ण गेली नाही. महिन्याभरात, साधारण १,४०० किलोमीटरच्या आसपास, एका सकाळी लक्षात आलं की दुसरा गिअर टाकताना मी आता श्वास रोखत नाही. खरी परीक्षा थंडीची होती. पारा चार-पाच अंशांवर उतरलेल्या सकाळी पहिले दोन बदल अजूनही किंचित जड जातात, मधासारखे. पण खर्रर्र आवाज संपूर्ण थंडीत एकदाही आला नाही. तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरतानाही नाही.

जे सुधारलं नाही तेही सांगायला हवं. रिव्हर्स घाईने टाकला तर अजूनही करकरतो. माझ्या बॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नाहीच, तेल कोणतंही घाला. क्लच दाबून तीन सेकंद थांबतो, किंवा आधी पहिला टाकून मग रिव्हर्स टाकतो. पाचव्या गिअरमध्ये ऐंशीच्या वेगाला येणारी बारीक गुणगुण कायम आहे, उलट पातळ तेलाने ती थोडी जास्तच ऐकू येते. तो आवाज बहुधा बेअरिंगचा आहे. घट्ट तेल घालून तो दाबता येईल, पण आवाज दबला म्हणून बेअरिंग बरं होत नाही, म्हणून मी दाबणार नाही. मायलेजमध्ये जाणवण्याइतका फरक पडला नाही.

तुमचा गिअर अडत असेल तर तेलाकडे वळण्याआधी एक चाचणी करा. गाडी जागेवर उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून पाच-सहा सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही करकर आली तर क्लच पूर्ण सुटत नाही, दोष तिथे आहे आणि तेलाने तो जाणार नाही. माझ्याकडे ही चाचणी स्वच्छ निघाली होती, म्हणूनच तेलावर पैसे घालायचं ठरवलं. वरून घालायच्या चमत्कारी बाटल्या मात्र घेतल्या नाहीत. तेलातली रसायनं मोजून-मापून ठरवलेली असतात आणि निसरडेपणा वाढवणारी बाटली म्हणजे मी ज्यातून सुटलो तोच त्रास पुन्हा विकत घेणं.

गेल्या रविवारी भरण्याचा बोल्ट पुन्हा उघडला. करंगळी आत घालून वाकवली तर तेल बरोबर काठाला लागलं. पातळी तसूभरही उतरलेली नाही, ड्राइव्हशाफ्टच्या सीलांभोवती कोरडं आहे. रंग अजून मधासारखाच, थोडा गडद झालाय. बोटावरचं तेल पांढऱ्या कागदावर पुसून बाजूला तारीख आणि किलोमीटर लिहिले: १,०३,३००. कागद मॅन्युअलच्या त्याच पानात ठेवला आहे. पुढचं तेल १,४०,००० ला, तेच, ७५डब्ल्यू-८०, जीएल-४.