वावरात मुधोळ की गावठी?

जागलीला कुत्रं हवं, पण मुधोळ आणावं की गावठी, हे ठरत नसेल तर आधी काम पाहा. मुधोळ म्हणजे नजरेवर धावणारी शिकारी जात, आजच्या कर्नाटकातल्या मुधोळ संस्थानात तिथले राजे मालोजीराव घोरपड्यांनी जोपासलेली. निमुळतं डोकं, खोल छाती, आत ओढलेलं पोट. बरगड्या थोड्या दिसणारच. उपाशी समजून भाकरी कोंबू नका. ससा दिसला की हाक ऐकत नाही, अन् पातळ कातडी पऱ्हाटीच्या खुंटांनी फाटते. नसबंदीआधी डॉक्टरांना जात सांगा, भूल जपून द्यावी लागते.

गावठी फुकटात मिळतं, चाहूल लागताच भुंकतं, ऊन सोसतं. गोचिडाचं औषध अन् रेबीजची लस मात्र दोघांनाही लागते. परवानगीशिवाय रानडुकरावर कुत्रं सोडणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हाच.

जागलीला गावठी बरं. कुंपणाचं मोकळं वावर अन् रोज पळवायला माणूस असेल, तरच मुधोळ.