क्लफ की रॉबसन: नव्या प्रशिक्षकाने आधी कोणाला अभ्यासावं?

फुटबॉल खेळणं सोडून प्रशिक्षक व्हायचं मनात असेल, तर इंग्लंडमधली दोन नावं समोर येतातच. ब्रायन क्लफ आणि बॉबी रॉबसन. दोघंही ईशान्य इंग्लंडचे, वयात जेमतेम दोन वर्षांचा फरक. मी तुम्हाला रॉबसनच सुचवेन.

करंडकांवर बघाल तर क्लफच सरस. दुसऱ्या विभागात रखडलेला डर्बी हा क्लब त्यांनी १९७२ मध्ये लीग, म्हणजे अव्वल विभागाचा, विजेता केला. त्यांचंच नॉटिंगहॅम फॉरेस्ट १९७७ ला अव्वल विभागात चढलं, पुढच्याच वर्षी लीग जिंकलं आणि १९७९, १९८० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग). रॉबसनना इंग्लिश लीग कधीच मिळाली नाही. इप्सविच क्लबसोबत १९७८ चा एफए कप (इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा) आणि १९८१ चा युएफा कप (युरोपातली दुय्यम स्पर्धा), तेवढंच.

पण क्लफच्या या सगळ्या मोठ्या यशात त्यांचे सहायक पीटर टेलर सोबत होते. खेळाडू हेरायची त्यांची नजर आणि क्लफची जरब, अशी ती जोडी. १९७४ मध्ये टेलर ब्रायटन क्लबातच राहिले, क्लफ एकटे लीड्स क्लबात गेले. जिंकलेली पदकं कचऱ्यात टाका, ती लबाडीने मिळवलीत, असं त्यांनी तिथल्या खेळाडूंना सुनावलं. ४४ दिवसांत गच्छंती. पुढे टेलर फॉरेस्टमधूनही गेले. त्यानंतर क्लफ लीग कप या देशांतर्गत दुय्यम करंडकाच्या पुढे गेले नाहीत आणि १९९३ ला संघ खालच्या विभागात घसरला. तुमच्याकडे टेलर आहे का, हे आधी बघा.

रॉबसनचं तसं नाही. इंग्लंडमधल्या पहिल्याच नोकरीत फुलहॅम क्लबने काढलं, मग इप्सविचमध्ये १३ वर्षं. इंग्लंडला १९९० च्या विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंत नेलं आणि साठीच्या उंबरठ्यावर परदेश गाठला. नेदरलँड्सचा पीएसव्ही आणि पोर्तुगालचा पोर्तो, दोन्हीकडे दोन-दोन लीग. बार्सिलोनात कप विनर्स कप हा युरोपियन करंडक.

त्यांचं खरं कसब मला न्यूकासलमध्ये दिसतं. १९९९ मध्ये ते आले तेव्हा संघाचा आघाडीपटू अॅलन शिअररचा सूर हरवला होता, आधीच्या मॅनेजरने त्याला बदली खेळाडूंच्या बाकावर बसवलं होतं. रॉबसननी ओळखलं की हा गोलकडे पाठ करून फार वेळ उभा राहतो. बचावफळीच्या मागे पळ, असं त्याला सांगितलं. घरच्या पहिल्याच सामन्यात शेफील्ड वेन्सडेवर ८-०, शिअररचे पाच गोल.