युकॉनला निघण्याआधी ‘नॉर्थ पॅकेज’च्या नावाखाली आम्हाला कसं गंडवलं

कॅनडात कॅल्गरी-एडमंटन साइडचे जे कोणी या उन्हाळ्यात मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) घेऊन वर युकॉनला जायचा प्लॅन करतायत त्यांच्यासाठी लिहितेय. लांबलचक झालंय पण वाचा, कारण आम्हाला फसवणारा हा मेकॅनिक अजून कामं घेतोय आणि आपल्याच मराठी ग्रुपांमधून घेतोय. तक्रार चालू आहे म्हणून नाव टाकत नाही.

आम्ही एक सेकंडहँड क्लास सी घेतली होती, म्हणजे फोर्डच्या चासीवर बांधलेली, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ती. सासू-सासरे सांगलीहून उन्हाळ्यासाठी आलेले, मुलांना सुट्टी, म्हणून ठरवलं की डॉसन क्रीकवरून अलास्का हायवे पकडायचा, व्हाइटहॉर्स, डॉसन सिटी, आणि तिथून डेम्पस्टर हायवेने इनुविक करून पार टुक्टोयाक्टुकपर्यंत जायचं, आर्क्टिक समुद्रात पाय बुडवायचे आणि परत. डेम्पस्टर म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इनुविकपर्यंत सातशे किलोमीटरच्या वर, जवळजवळ सगळा खडीचा. खाली जमीन कायम गोठलेली असते, ती वितळू नये म्हणून रस्ता खडीच्या जाड भरावावर बांधलाय आणि त्या खडीतले धारदार दगड टायर फाडण्यासाठी प्रसिद्ध आहेत. डेम्पस्टरला वळलं की पहिलं पेट्रोल ईगल प्लेन्सला, ३६९ किलोमीटरवर. मधे फोनला रेंज नाही. भाड्याच्या मोटरहोमवाल्या बऱ्याच कंपन्या या रस्त्यावर गाडी न्यायलाच देत नाहीत, म्हणूनच तर आम्ही विकत घेतली.

हा मेकॅनिक ग्रुपवर कुणीतरी सुचवला. आपल्याकडचाच, मराठी बोलणारा, घरी येऊन काम करतो. आला तर आधी चहा घेतला, सासूबाईंना वाकून नमस्कार केला, मुलांना चॉकलेट दिलं आणि मग गाडीखाली टॉर्च मारून मान हलवायला लागला. "ताई, लेकरं आणि म्हातारी माणसं घेऊन निघालाय, तिकडं अडकलात तर टो करायलाच हजारो डॉलर जातील." मोबाइलवर डेम्पस्टरवर फुटलेल्या टायरांचे व्हिडिओ दाखवले. त्याची सगळी कला इथेच आहे बघा, रस्ता खरंच अवघड आहे त्यामुळे तो जे सांगतो त्यातलं निम्मं खरंच असतं, आणि बाकीचं निम्मं आपणच घाबरून मान्य करून टाकतो.

त्याचं ‘नॉर्थ पॅकेज’ असं: सहा नवे टायर (क्लास सीला मागे जोडचाकं असतात), पुढच्या चाकांची बेअरिंग काढून ग्रीस, घराच्या भागाच्या दोन नव्या बॅटऱ्या, गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे नवे अलार्म, फर्नेसची, म्हणजे गाडीतल्या गॅस हीटरची सर्व्हिस. ३,८०० डॉलर. टायर मागवायला म्हणून १,२०० कार्डाने घेतले, बाकीचे ई-ट्रान्सफरने. "बिल नको असेल तर जीएसटी वाचेल ताई, पाच टक्के." मी म्हटलं बिल पाहिजे, तर एक कागद दिला, ज्यावर जीएसटी नंबरच नव्हता. धंद्याची उलाढाल वर्षाला ३०,००० डॉलरच्या वर गेली की रजिस्ट्रेशन करावंच लागतं, आणि नंबर असला तर सरकारी साइटवर टाकून खरा की खोटा ते बघता येतं. नंबर मागितल्यावर "अकाउंटंटकडे आहे, पाठवतो." अजून पाठवतोय.

माझे सासरे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. गाडी तयार होऊन आली तेव्हा ते मागच्या चाकापाशी उकिडवे बसले, टायरवरून हात फिरवला, वास घेतला आणि म्हणाले, "नव्या टायरला रबराचे केस असतात, याला एकही नाही. आणि पॉलिशचा वास येतोय." मेकॅनिक हसून म्हणाला, "काका, कॅनडातले टायर वेगळे असतात, तुमच्या लालपरीचे नाहीत हे." बाबा गप्प बसले, परक्या देशात कोण वाद घालणार. पण ते जे बोलले ते अक्षर न् अक्षर खरं निघालं.

ग्रँड प्रेरीच्या पुढे मागून थरथर यायला लागली. डॉसन क्रीकला एका टायरच्या दुकानात गाडी घातली. तिथला पोरगा गाडीखाली झोपला, टॉर्च मारला आणि फोटो काढून आणला: ३११६. टायरवर डॉट म्हणून जो लांब कोड असतो त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. म्हणजे हा टायर २०१६ च्या एकतिसाव्या आठवड्यातला. मागचे चारही तसलेच, कुठेतरी पडून वाळलेले, खाचांच्या आत बारीक भेगा, वरून काळं पॉलिश. आणि गंमत बघा, तारखेचा पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असतो, ती बाजू त्याने चारही ठिकाणी आत वळवून बसवली होती. पुढचे दोन मात्र खरोखर नवे आणि त्यांचा कोड बाहेर, सहज दिसेल असा. म्हणजे गडबडीत झालेलं काम नाही हे, विचार करून केलेलं आहे.

मग बाकीचं उघडायला लागलो. अलार्म भिंतीवरून काढून मागे बघितलं तर तिथे छापलेली तारीख कधीच उलटून गेलेली, फक्त पुढचं कव्हर पुसून चकाचक केलं होतं. गॅसवर चालणाऱ्या हीटरसोबत आपण बंद डब्यात झोपतो, त्यात तो अलार्म मेलेला, याचा मला टायरपेक्षा जास्त राग आला. बॅटऱ्यांचं तर विचारूच नका. आधीच्या मालकाने सहा व्होल्टच्या दोन डीप सायकल घातल्या होत्या, त्या "मेल्यात" म्हणून हा काढून घेऊन गेला आणि बारा व्होल्टच्या दोन साध्या लावल्या. त्यांच्या लेबलवर सीसीए लिहिलंय, म्हणजे इंजिन स्टार्ट करायच्या बॅटऱ्या, एकदम जोर लावतात पण रात्रभर हळूहळू करंट देणं त्यांचं काम नाही. त्या रात्री फर्नेसचा पंखा चालून चालून पहाटे दिवे मंद झाले आणि सगळे स्वेटर घालून बसलो. बेअरिंगची डस्ट कॅप उघडली तर आत जुनं काळंकुट्ट ग्रीस.

फोन केला तर आधी "ताई, सप्लायरने फसवलं असेल", मग "परत आलात की बघू", आणि मी फोटो पाठवल्यावर ब्लॉक.

पैशांचं असं झालं की कार्डाने दिलेले १,२०० बँकेने डिस्प्यूटमध्ये परत मिळवून दिले, डॉसन क्रीकच्या दुकानाने लेखी दिलं होतं त्याचा उपयोग झाला. ई-ट्रान्सफरचे गेले. समोरच्याच्या खात्यात एकदा जमा झाले की बँक परत आणत नाही, ते हातात रोख दिल्यासारखंच आहे. अल्बर्टात गाडी रिपेअर करणाऱ्या धंद्याला ॲमविकचं (गाड्यांच्या धंद्यांवर नजर ठेवणारी इथली संस्था) लायसन्स लागतं, त्यांच्या साइटवर नाव टाकून शोधता येतं. याचं नाव तिथे नाही. तक्रार तिकडेच केलीय.

तुम्ही कुणाकडूनही काम करून घ्या, पण पैसे द्यायच्या आधी प्रत्येक टायरच्या कोडचा फोटो मागा, आतल्या जोडचाकांचासुद्धा, आणि "दिसत नाही" म्हणाला तर सरळ गाडीखाली शिरा. अलार्म हातात घेऊन मागची तारीख वाचा. काढलेले पार्ट, विशेषतः बॅटऱ्या, घरी ठेवून जायला सांगा, मेलेल्या असल्या तरी. बेअरिंगचं काम समोर उभं राहून करून घ्या. आणि हे सगळं निघायच्या आदल्या आठवड्यात नको, कारण त्याला तुमची तारीख माहीत असते आणि तो गाडी मुद्दाम आदल्या संध्याकाळी देतो.

आम्ही डॉसन क्रीकला चार टायर, बॅटऱ्या आणि अलार्म घेतले आणि पुढे गेलो, पण त्यात बजेट संपलं आणि ठरवलेले दिवसही गेले, त्यामुळे डेम्पस्टरवर फक्त टूम्बस्टोन पार्कपर्यंत जाऊन वळलो. समुद्र राहिला. बाबा म्हणाले पुढच्या वेळी टायर मी बसवतो.

आणि हो, तो माणूस ग्रुपवर ‘हॅपी कस्टमर’ म्हणून एका पांढऱ्या, हिरव्या पट्ट्याच्या मोटरहोमचा फोटो टाकतो, पुढे चार मोठी माणसं आणि दोन मुलं हसत उभी आहेत. ते आम्ही आहोत. काढ म्हणून कितीदा सांगितलं, काढत नाहीये.