सल्ला खरा होता, सायकल खोटी निघाली: ७१,५०० रुपयांचा अनुभव

सेकंड हँड रोड बाइक घ्यायच्या विचारात असाल आणि विकणारा माणूस "रोड घ्यावी की एमटीबी (जाड टायरची डोंगरी सायकल)" हे तुम्हाला फार आपुलकीने समजावून सांगत असेल, तर आधी हे वाचा. माझे ७१,५०० रुपये गेले. मी कुणाला ओटीपी दिला नाही, कुठल्या लिंकवर बोट लावलं नाही. लष्करातल्या साहेबाची बदली झालीय म्हणून सायकल स्वस्तात, ही गोष्ट मलाही पाठ आहे. मी पुण्याला गेले, सायकल डोळ्यांनी पाहिली, चालवली आणि मग पैसे दिले. तरी फसले. म्हणूनच लिहितेय, कारण जो तो मला हेच विचारतो की "न बघता घेतलीस का?"

मी साताऱ्यात राहते, शाळेत शिकवते. रोज पहाटे सायकल, रविवारी जरा लांब, एवढाच माझा छंद. साताऱ्यात सायकल निवडणं पुण्यामुंबईइतकं सोपं नाही. हायवेने पाचवडकडे निघालात तर सपाट डांबरी रस्ता आणि वारा, तिथे रोड बाइक पाहिजे. येवतेश्वरचा घाट चढून कासला जायचं तर दम काढणारा चढ. आणि गावाबाहेर पडलं की शेतातली माती, पावसाळ्यानंतरचे खड्डे, तिथे जाड टायरची एमटीबीच बरी. शहरातल्या दुकानात मी एक एमटीबी जवळजवळ ठरवली होती. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे सस्पेन्शन, २९ इंची चाकं, ४२,००० रुपये. नवी, बिल, वॉरंटी, सगळं. भिशीचे ५०,००० हातात आले होते. तीच घेतली असती तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

एका ऑनलाइन बाजारात रोड बाइकच्या किमती पाहत होते. एका जाहिरातीवर मी साधी चौकशी केली, तर त्या माणसाचा फोन आला. विकायची घाई नाही, आवाजात गोडवा, पहिल्या वाक्यापासून "ताई". म्हणाला, "ताई, माझी नका घेऊ, पण चुकीची सायकल तरी घेऊ नका." पुढचे काही आठवडे तो मला शिकवत होता, आणि जे शिकवलं ते खरं होतं. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

त्याने सांगितलं की त्या किमतीच्या एमटीबीला पुढे जो स्प्रिंगचा फोर्क असतो, तो एकटाच अडीच किलोच्या आसपास भरतो, आणि डांबरी चढावर उभं राहून पायडल मारलं की ताकद त्याच्या खालीवर होण्यात जाते. खरं आहे. त्याने सांगितलं की एमटीबीची २९ इंची आणि रोड बाइकची ७००सी या दोन्ही चाकांच्या रिमचा व्यास एकच, ६२२ मिलिमीटर. फरक टायरच्या जाडीचा आणि हवेचा. हेही खरं. एमटीबी चौदा-पंधरा किलोची, रोड बाइक नऊ किलोची. शिमानो या जपानी कंपनीच्या गिअर संचांत क्लॅरिसला मागे आठ गिअर, सोराला नऊ, टियाग्राला दहा, आणि १०५ च्या आर७००० पिढीला अकरा. मी घरी येऊन एकेक गोष्ट पडताळून पाहायची आणि प्रत्येक गोष्ट बरोबर निघायची. मग माणसावर विश्वास बसणार नाही तर काय होणार? दुकानदाराने मला यातलं काही सांगितलं नव्हतं. तो फक्त रंग कोणता हवा ते विचारत होता.

एकच गोष्ट त्याने गाळली, आणि ती मुद्दाम गाळली असं मी आज ठामपणे म्हणते. वजनाबद्दल तो तासभर बोलला, पण सगळ्यात हलक्या गिअरबद्दल एक शब्द नाही. त्या एमटीबीला पुढे लहान चकती २२ दात्यांची आणि मागे मोठी ३२ ची होती. म्हणजे पायडलच्या एका फेरीला सायकल जेमतेम दीड मीटर पुढे सरकते. त्याच्या रोड बाइकला पुढे ३४, मागे २८. एका फेरीला अडीच मीटर. माझ्यासारख्या हौशी बाईला येवतेश्वरच्या वळणावर गुडघे सांभाळायचे असतात, तिथे पाच किलो वजन वाचण्यापेक्षा हा फरक फार मोठा आहे. सायकल कुठलीही घ्या, पुढची लहान चकती भागिले मागची मोठी हे गणित कागदावर करून बघा. उत्तर एकच्या वर असेल आणि घाट रोजचा असेल, तर विचार करा.

तर शेवटी मीच म्हणाले, "तुमचीच दाखवा." तो आधी नकोच म्हणाला. मग कारण सांगितलं: नोकरीसाठी परदेशी जायचंय, एकच मालक, कार्बन फ्रेम, फुल १०५, कस्टम पेंट. मागितले ७८,०००. ठरले ७१,५००. टोकन म्हणून ६,५०० यूपीआयने पाठवले. नाव बाईचं आलं. विचारलं तर म्हणाला, "बहिणीचं खातं आहे, माझं एनआरआय करायला दिलंय." हे वाचताना तुम्ही कपाळावर हात मारून घ्याल, माहिती आहे. पण ज्या माणसाचं प्रत्येक बोलणं मी तपासलं होतं आणि खरं निघालं होतं, त्याचं हेच एक बोलणं खोटं असेल असं का वाटावं?

चुलतभावाची गाडी घेऊन आम्ही पुण्याला गेलो. सोसायटीचं पार्किंग, संध्याकाळची वेळ, एक ट्यूबलाइट. "वर नेलं असतं, पण आई आजारी आहे." सायकल झळझळीत काळी. मी एक चक्कर मारली, गिअर लोण्यासारखे पडत होते. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, पाहिला, आर७००० लिहिलेलं. हँडलवरचे गिअर बदलायचे शिफ्टरही १०५ चे. ब्रेक लागत होते.

आणि मग तो क्षण, जो मला रात्री झोपू देत नाही. फ्रेमच्या खालच्या दांडीवर, हँडलच्या जवळ, पारदर्शक पट्टी चिकटवलेली होती. मी त्यावरून बोट फिरवलं. पट्टीच्या खाली काहीतरी लागलं. उंचवटा. केसाएवढा, पण आडवा, दांडीला वेढून गेलेला. मी म्हटलंसुद्धा, "इथे काय आहे?" तो लगेच म्हणाला, "दगड उडतात ना ताई, म्हणून फिल्म लावलीय, तिची कड आहे." कड दोन इंच पुढे होती. मला ती दिसत होती! बोट एकीकडे आणि कड दुसरीकडे. पण त्याच वेळी त्याने सायकल उचलून माझ्या हातात दिली, "वजन बघा", आणि मी वजन बघितलं. इतकी हलकी सायकल मी कधी धरली नव्हती. बाटलीचा पिंजरा त्याने आधीच काढून ठेवला होता आणि त्या स्क्रूंच्या डोक्यांवरही काळा रंग होता. कंपनीतून आलेल्या फ्रेमच्या स्क्रूंवर रंग कसा असेल? स्क्रूवर रंग म्हणजे फ्रेम बाहेर कुठेतरी रंगवली. आणि कार्बन फ्रेम कुणी हौसेने क्वचितच रंगवतो. हे मला आता कळतं. तेव्हा मला कळायचं काही कारण नव्हतं, मी शाळेत भूगोल शिकवते.

४५,००० यूपीआयने त्याच बहिणीच्या खात्यावर गेले, २०,००० रोख दिले. चिठ्ठी मागितली तर म्हणाला, व्हॉट्सॲपवर लिहून पाठवतो. पाठवलं: "सायकलचे पैसे मिळाले, धन्यवाद ताई." रक्कम नाही, सायकलचं वर्णन नाही, नाव नाही. कार्बन, १०५, एकच मालक, अपघात झालेला नाही, हे शब्द लेखी घ्या. फोनवरच्या बोलण्याला कुणी विचारत नाही.

चढावर पहिल्यांदाच जोर लावला आणि खालून कटकट आवाज सुरू झाला. आमच्याकडचे सायकलवाले मामा जुने आहेत, कार्बनचं काम करत नाहीत, पण त्यांनी फिल्म सोलली आणि रुपयाचं नाणं घेऊन दांडीवर ठोकत गेले. टण, टण, टण, आणि त्या जागी ठप्प. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. रंग खरवडला तर आत पुट्टी. दांडी अर्ध्यापेक्षा जास्त घेराने चिरलेली होती. घाटाच्या उतारावर ती तुटली असती तर? मी सरळ तोंडावर पडले असते, मागून एसटी.

बाकीचंही तसंच. डिरेलर आणि शिफ्टर, म्हणजे जिथे नजर जाते तेवढंच १०५. पायडल ज्याला जोडतात तो क्रँक बिननावाचा, त्याच्या आतलं बेअरिंग खडखडत होतं, चेन वाढलेली, कॅसेटचे, म्हणजे मागच्या चकत्यांचे, दाते सुळ्यासारखे झिजलेले. शिमानोच्या भागांवर मॉडेल नंबर असतो, तो आतल्या बाजूला, खालच्या बाजूला वाका आणि बघा. नुसतं "१०५ आहे" म्हणजे काय आहे ते विचारा. तपासणीचे ९०० रुपये गेले. पुण्यात एकाने कार्बन दुरुस्तीचे १४,००० सांगितले, हमी नाही म्हणाला.

आणि सायकल उलटी केली तर पायडलच्या खाली, जिथे फ्रेम नंबर असतो, तिथे घासलेलं. वर काळा रंग. सायकल उलटी करून पाहा. विकणारा करू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

त्याचा फोन बंद. जाहिरात गायब. त्या सोसायटीत परत गेलो तर वॉचमन म्हणाला असा कुणी राहत नाही, संध्याकाळी पार्किंगमध्ये कुणीही येतं.

आता ज्यांनी मदत करायची त्यांचं ऐका. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावला. तिथे विचारलं, वस्तू मिळाली का? मिळाली. मग हे सायबरमध्ये बसत नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला ना? ऑनलाइन बाजारवाल्यांचं उत्तर आलं की आम्ही फक्त दोघांची गाठ घालून देतो. खात्याचं नाव, नंबर, जाहिरातीचे स्क्रीनशॉट सगळं दिलं तरी तो माणूस कोण ते सांगणार नाहीत, पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांकडे गेले तर साताऱ्यात सांगितलं, व्यवहार पुण्यात झाला, तिकडे जा. शाळेची रजा टाकून पुण्यात गेले तर तिथे म्हणाले, पैसे साताऱ्यातून गेले, तिकडे जा. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, दखलपात्र (पोलिसांना थेट तपास करता येतो असा) असेल तर तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात घेतलीच पाहिजे, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेलं आहे. मी तेवढा कागद काढून नेला होता. साहेबांनी तो हातातही घेतला नाही. "मॅडम, सेकंड हँड वस्तू आहे, बघून घेतलीत, चालवून घेतलीत. ही दिवाणी बाब आहे." चिरलेली दांडी पुट्टीने भरून रंगवून विकणं ही दिवाणी बाब! गाडीचे तुटलेले ब्रेक कुणी दोरीने बांधून विकले असते तर?

मग मी फ्रेम नंबर घासल्याचं दाखवलं. वाटलं आता तरी लक्ष देतील. हवालदारांनी मलाच विचारलं, बिल कुठे आहे? चोरीची असेल तर मुद्देमाल म्हणून जमा करावी लागेल, आणि चोरीचा माल तुमच्याकडे कसा याचा जबाब द्यावा लागेल. तासभर बाकावर बसवून ठेवलं. वीस वर्षं मुलांना शिकवणाऱ्या बाईला चोराच्या जागी बसवलं, आणि ज्याने पैसे नेले त्याच्या नंबरवर एक फोन लावून पाहिला नाही. ज्या खात्यात ५१,५०० रुपये गेले त्या खात्याला आधार आहे, पॅन आहे, पत्ता आहे. बँकेला एक पत्र लिहिलं की माणूस सापडतो. ते एक पत्र कुणी लिहीत नाही. शेवटी अदखलपात्र म्हणून नोंद करून एक कागद हातावर ठेवला.

ठाण्यात घेत नसतील तर त्याच कलम १७३ नुसार पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं, पोस्टाने. मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं आहे, पोच जपून ठेवली आहे. उत्तर नाही. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही म्हणून तिथेही चौकशी केली. तिथे अडचण अशी, की विकणारा व्यापारी असेल तरच ग्राहक. घरातली जुनी वस्तू विकणारा व्यापारी ठरत नाही.

घरी म्हणतात, सोड आता, पैसे गेले, जीव वाचला. मी सोडणार नाही. एका वकील बाईंनी मला नीट समजावलं की फसवणूक, म्हणजे पूर्वीचं ४२० आणि आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, सिद्ध व्हायला त्याचा हेतू पहिल्यापासून वाईट होता हे दिसावं लागतं. एका सायकलीवरून तो म्हणेल, मलाही चीर माहीत नव्हती, मीही तशीच घेतली होती. पण असं त्याने दोघांतिघांना विकलं असेल, तर हेतूही दिसतो आणि तो व्यापारी आहे हेही दिसतं.

म्हणून त्याची खूण सांगते. जाहिरातीतला फोटो लाल कोब्याच्या जिन्यासमोर, सायकल डावीकडून, कारण चेनची बाजू तो दाखवत नाही. मजकुरात "एकच मालक, कस्टम पेंट, परदेशी जातोय, फक्त खऱ्या सायकलप्रेमीला". फोनवर आधी "माझी नका घेऊ". नंबर दर वेळी वेगळा असणार, त्यावर जाऊ नका. पैसे बाईच्या नावावर. असं कुणाच्या बाबतीत झालं असेल तर लाज वाटून गप्प बसू नका. यूपीआयच्या पावतीवरचं खातेदाराचं नाव आणि बँक बघा आणि आपल्या गावच्या ठाण्यात, नाही घेतली तर अधीक्षकांकडे, लेखी तक्रार टाका. सायकल विकू नका, दुरुस्त करू नका, चिरेचे फोटो काढून ठेवा. माझी तशीच उभी आहे, खरवडलेली, पुरावा म्हणून. दुसरी तक्रार आली की माझ्या तक्रारीलाही वजन येईल.