सोळाची पॉवर, सहाचं काम: छऱ्याच्या बंदुकीवरचे माझे दोन स्कोप

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ चालवतो, २७ वर्षं झाली. कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती कुठं ढिली आहे हे चाचपायची खोड आहे. पहिला स्कोप, म्हणजे बंदुकीवरची दुर्बीण, घेताना नेमकी हीच खोड घरी ठेवून गेलो आणि ३,२०० रुपये पाण्यात घातले. दुसरा ९,५०० ला घेतला, त्याला आता आठ महिने झाले. दोन्हींची नावं मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की माणसं नावावरून भांडतात आणि आटे कुणी बघत नाही.

बंदूक आधी सांगतो. नळी मोडून छर्रा भरायची, स्प्रिंगची, .१७७ ची, म्हणजे ४.५ मिमी. छऱ्याचा जोर २० ज्यूलच्या आतला, त्यामुळं लायसन लागत नाही. मारायची ती मळ्यात, २५ मीटरवर, कागदावर. कागदामागं वाळूची पोती, पोत्यांमागं बांध. पाखरं मारायला ही नाही. कायदा तर आहेच, आणि मलाही ते बघवत नाही.

माझा भाचा दुधाळी रेंजवर सरावाला जातो. तिथं पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायचा, दुर्बिणीला परवानगी नाही. दहा मीटरवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि पोरं तो नुसत्या भोकातून बघून मारतात. आपल्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या त्या अशाच पीप साइटनं, आणि राधानगरीकडचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसहून ब्राँझ घेऊन आला तोही असाच. त्यामुळं मी स्कोपचं नाव काढल्यावर भाचा म्हणाला, "मामा, दुर्बीण लावून मारायचं म्हणजे कुबड्या घेऊन कुस्ती खेळायची की ओ."

म्हटलं, बाबा, तू सोळाचा, मी बावन्नचा. उघड्या साइटला मागची खाच, पुढची माशी आणि कागद, तिन्हीकडं एकाच वेळी नजर लावावी लागते. चाळिशीनंतर त्यातलं एक कुठलंतरी धुरकट होतंच. स्कोपमध्ये नेमाची फुली आणि कागद एकाच पडद्यावर येतात. मला हवं होतं ते एवढंच.

तर पहिला स्कोप ४-१६ × ५० चा. पहिले दोन आकडे पॉवरचे, शेवटचा पुढच्या भिंगाचा व्यास. सोळापट दिसणार म्हटल्यावर मी काही विचारलंच नाही. मळ्यात गेल्यावर सोळावर लावला आणि कागद म्हणजे पांढरा धूर. कारण असं की साध्या रायफल स्कोपचं पॅरॅलॅक्स, म्हणजे चित्र आणि फुली ज्या अंतरावर नीट जुळतात ती जुळणी, बहुधा १०० यार्डांवर बांधलेलं असतं. २५ मीटरवर मोठ्या पॉवरला चित्र फुटतं, आणि त्याहून वाईट म्हणजे डोकं जरा हललं तरी फुली कागदावर सरकते. बंदूक जागची हललेली नसते, तुम्हाला मात्र ती हलल्यासारखी वाटते.

उजेडाचंही गणित आहे, आणि ते दुकानात तोंडी करता येतं. भिंगाच्या व्यासाला पॉवरनं भागा. ५० ला १६ नं भागलं तर ३.१ मिमीचा प्रकाशाचा ठिपका डोळ्यात येतो. ४० ला ६ नं भागलं तर ६.७. संध्याकाळी उसाच्या कडेला सावली पडली की पहिला स्कोप सोळावर आंधळा व्हायचा, म्हणून मी तो सातवर आणायचो. सातवरच मारायचं तर सोळाचे पैसे कशाला दिले? शिवाय ५० चं भिंग नळीला घासू नये म्हणून माउंट, म्हणजे स्कोप बंदुकीवर धरणारी पकड, उंच घ्यावा लागला. माउंट उंच झाला की गाल लाकडावर टेकत नाही, हवेत राहतो. गाल टेकला नाही की डोळा दरवेळी वेगळ्या जागी.

दोनशे छऱ्यांच्या आत फुली तिरकी झाली. दुकानदार म्हणाला, "मोठ्या रायफलवर चालतो हा, तुमच्या खेळण्यावर कसा बिघडेल?" ह्या वाक्यावर जाऊ नका. स्प्रिंगच्या बंदुकीचा पिस्टन पुढं जाताना बंदूक मागं ढकलतो, आणि शेवटाला जाऊन थांबला की बंदूक पुढं हिसकते. दोन उलटसुलट धक्के. मोठ्या रायफलचा स्कोप मागचा धक्का सोसायला बांधलेला असतो. पुढच्या हिसक्यानं त्याची आतली भिंगं ढिली होतात. घेताना स्प्रिंग एअर रायफलवर चालतो का, आणि त्यावर वॉरंटी आहे का, हे बिलावर लिहून घ्या.

दुसऱ्या वेळी मात्र लेथवाला जागा झाला. ३-९ × ४० चा, पुढच्या भिंगावर पॅरॅलॅक्सची फिरती रिंग असलेला स्कोप घेतला आणि बंदुकीवर चढवायच्या आधी जुना-नवा दोन्ही स्कोप वर्कशॉपमध्ये तपासले. सरफेस प्लेटवर व्ही ब्लॉक, त्यात स्कोपची नळी आवळलेली, बरोबर दहा मीटरवर भिंतीला आलेख कागद. छर्रा एकही नाही. फुली सरकवायचा नॉब क्लिक-क्लिक फिरतो, आणि मिनिट म्हणजे इथं अंशाचा साठावा भाग. पाव मिनिटाची क्लिक म्हणजे ४० क्लिकांना दहा मिनिटं, आणि दहा मीटरवर त्याचे २९ मिमी व्हायला हवेत. नवा स्कोप २८ गेला आणि परत फिरवल्यावर मिलिमीटरभर चुकीनं जागेवर आला. जुना २३ गेला आणि परतताना ६ मिमी अलीकडंच थांबला. एवढा बॅकलॅश, म्हणजे उलट फिरवतानाची ढिलाई, माझ्या लेथच्या क्रॉस स्लाइडला असता तर गिऱ्हाइकानं जॉब तोंडावर फेकला असता.

आणखी एक चाचणी, व्हेरिएबल, म्हणजे पॉवर बदलणाऱ्या स्कोपला ही सगळ्यात महत्त्वाची. फुली एका चौकटीवर ठेवून पॉवरची रिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची. जुन्याची फुली पाच मिलिमीटर चालत गेली. म्हणजे सातवर झीरो केलेली, नेम जुळवलेली बंदूक दहावर दुसरीकडं मारणार. नव्याची हलली असेल तर मला दिसली नाही.

नवा अगदी निर्दोष आहे असं नाही. पॉवरची रिंग इतकी घट्ट की थंडीत सकाळी दोन बोटांनी फिरत नाही. पॅरॅलॅक्सच्या रिंगवरचे आकडे खोटे आहेत: २५ मीटरवर चित्र स्वच्छ होतं तेव्हा रिंग ३५ यार्ड दाखवते. मी आकड्यांकडं बघणं सोडलं, तिथं फाइलनं खूण केली. तिसरी गोष्ट दोष नाही, पण माहीत हवी. फुली मागच्या पडद्यावर आहे, म्हणजे पॉवर बदलली तरी ती तेवढीच दिसते. त्यामुळं फुलीवरच्या ठिपक्यांमधलं अंतर एकाच पॉवरला खरं असतं. माझ्याकडं नऊवर दोन ठिपक्यांत २५ मीटरवर अडीच सेंटिमीटर बसतात, सहावर पावणेचार. एका पॉवरवर पाठ केलेला अंदाज दुसरीवर वापरला की छर्रा पोत्यात. पुढच्या पडद्याचे स्कोप मिळतात, महाग. माझ्या कामाला नकोत.

माउंटबद्दल थोडक्यात. बंदुकीवरची खाच ११ मिमीची आहे की रुंद रेल, हे मोजून जा. पहिला दोन तुकड्यांचा माउंट साठ छऱ्यांत तीन मिलिमीटर मागं सरकला होता. आता एकसंध माउंट आहे, आणि खाचेतल्या भोकात बसणारी स्टॉप पिन मीच लेथवर काढली. स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. ॲल्युमिनियमची पातळ नळी आहे ती, पाइपचा क्लॅम्प नव्हे.

नवा स्कोप घेतला त्या दुकानदारानं एक बरं केलं. दिवेलागणीला बोलावलं आणि स्कोप दाराशी नेऊन समोरच्या पाट्या वाचायला दिल्या. "काका, दुपारच्या उन्हात सगळेच चांगले दिसतात," म्हणाला. पाटी नऊवर वाचता आली, पण कडा सहावर जास्त धारदार होत्या. पॉवरच्या रिंगवर सहाच्या आकड्याला तिथंच खडूनं रेघ मारली. नंतर घरी तिच्यावर पांढरा रंग भरला. आठ महिन्यांत रिंग त्या रेघेवरून फार तर दहा-बारा वेळा हलली असेल.

गेल्या रविवारी भाचा मळ्यावर आला होता. माझे पाच छरे २५ मीटरवर १९ मिमीत बसले. त्यानं बंदूक घेतली, स्कोपमधून बघितलं, "लई भारी ओ मामा" म्हणाला, आणि पाचांचं भोक १४ मिमीत करून बंदूक परत दिली.