बायबलवरचे चित्रपट: कोणासमोर कोणता लावावा?

नाताळ किंवा ईस्टरआधीचा उपवासकाळ जवळ आला की धर्मशिक्षणाच्या वर्गात आणि तरुणांच्या गटात एक प्रश्न हमखास निघतो: यंदा कोणता सिनेमा लावायचा? बहुतेक वेळा जो हाताशी असेल तो लागतो. सगळी मुलं ख्रिस्ती घरांतली असतील तर त्यानं फारसं बिघडत नाही. पण हॉस्टेलमध्ये, शाळेत किंवा वस्तीत हिंदू, बौद्ध, मुसलमान आणि ख्रिस्ती मांडीला मांडी लावून बसलेले असतात. तिथे सिनेमा किती चांगला आहे याआधी समोर कोण बसलंय हे बघावं लागतं. माझी सगळी निवड त्यावर ठरते.

येशूचरित्र दाखवायचं तर आपल्याकडे खरी निवड दोघांतच आहे. एक 1979चा ‘जीझस’ आणि दुसरा 1978चा तेलुगू ‘करुणामयुडू’, जो हिंदीत ‘दयासागर’ म्हणून माहीत आहे.

‘जीझस’ लूकच्या शुभवर्तमानावर, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकावर, बेतलेला आहे. चित्रीकरण इस्राएलमधलं, ब्रायन डीकन हा इंग्लिश नट येशूच्या भूमिकेत आणि बाकीचे बहुतेक कलाकार इस्राएली. दोन हजारांहून जास्त भाषांत तो डब झालाय, मराठीतही आहे. शिकवणाऱ्याला याचा मोठा फायदा असा की पडद्यावरचा प्रसंग लगेच लूकमध्ये बोट ठेवून वाचता येतो. जक्कयाचंच घ्या, अध्याय 19. लोकांना लुबाडून गब्बर झालेला जकातदार उंबराच्या झाडावर चढून बसलाय. येशू त्यालाच हाक मारतो, आज तुझ्याकडेच उतरायचंय म्हणतो, आणि गर्दी कुरकुरायला लागते. कुणाच्या घरचं पाणी प्यायचं आणि कुणाच्या नाही, याचे नियम आपल्या आज्या-पणज्यांनी पाळलेत किंवा सोसलेत. त्यामुळे ती कुरकुर इथल्या माणसाला समजावून द्यावी लागत नाही. अशा जागी सिनेमा थांबवावा आणि लोकांना बोलू द्यावं. दोन तास सलग दाखवण्यापेक्षा असे चार-पाच प्रसंग चार-पाच आठवडे घेतले तर कितीतरी जास्त पोचतं.

मर्यादाही लूकच्याच. बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी लोक मत्तयाच्या शुभवर्तमानात, काना गावातलं लग्न आणि मेलेल्या लाजराला उठवणं योहानाच्या, म्हणून ते इथे सापडणार नाहीत. आणखी एक गोष्ट आधीच तपासा. बऱ्याच प्रतींच्या शेवटी प्रेक्षकांना विश्वास स्वीकारण्याचं आवाहन आणि प्रार्थना जोडलेली असते. मिश्र गटासमोर मी तो भाग लावू नये असंच म्हणेन. गोष्ट ऐकायला बोलावलेल्या माणसाला न सांगता प्रार्थनेत ओढणं मला पटत नाही. त्यानं वर्गावरचा आणि शिकवणाऱ्यावरचाही विश्वास उडतो. मुलं अल्पवयीन असतील तर काय दाखवणार हे आई-वडिलांना आधी सांगितलंच पाहिजे.

‘करुणामयुडू’ची तऱ्हा निराळी. दिग्दर्शक ए. भीमसिंग, येशू विजयचंदर. पौराणिक सिनेमा पाहत वाढलेल्या माणसाला इथे काहीच परकं वाटत नाही. गाणी आहेत, भावना मोकळेपणानं ओसंडतात, क्रूस वाहून नेण्याचा प्रसंगसुद्धा गाण्यातूनच उलगडतो. मुंबईत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहताना आपल्या डोळ्यांपुढे कृष्ण आणि राम उभे राहिले, हे दादासाहेब फाळक्यांनीच लिहून ठेवलंय. त्यातून सुरू झालेल्या पौराणिक चित्रपटांच्या घाटात पुढे येशूही आला. आणि हा मार्ग आपल्या भाषेला नवा नाही. 1616मध्ये छापलेलं फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्धच आहे.

अडचण अशी की प्रेक्षक येशूला सहज आणखी एक अवतार समजून घरी जातो. पाळकांना हे खटकतं, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण तो गैरसमज नंतरच्या बोलण्यातून दूर करता येतो. जो दहाव्या मिनिटाला कंटाळून उठून गेला त्याच्याशी बोलणार कधी? म्हणून पहिल्यांदाच जमलेल्या मोठ्या माणसांसाठी ‘दयासागर’ आणि नियमित वर्गासाठी ‘जीझस’ असं माझं मत. सोलापुरात तेलुगू घरं भरपूर आहेत. तिथे मूळ तेलुगूच लावावा.

2004चा ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ मिश्र गटासाठी नको. मेल गिब्सननं येशूचे शेवटचे बारा तास दाखवलेत, संवाद आरामाईक, हिब्रू आणि लॅटिनमध्ये. फटक्यांचा प्रसंग सहन होत नाही इतका लांब आहे. हा माणूस कोण हेच ज्याला माहीत नाही, त्याच्या वाट्याला फक्त रक्त येतं. त्यात अ‍ॅन कॅथरिन एमरिक या जर्मन संन्यासिनीच्या दृष्टान्तांतले तपशील शुभवर्तमानात बेमालूम मिसळलेत. मला सर्वांत जास्त काळजी यहुदी पुढाऱ्यांच्या चित्रणाची वाटते. युरोपात या कथेच्या आधारे यहुद्यांचा शतकानुशतकं छळ झाला, हे आपल्या प्रेक्षकाला सहसा ठाऊक नसतं, आणि तो यहुदी म्हणजे खलनायक एवढंच घेऊन उठतो. ज्या कोकणात बेने इस्राएल हे यहुदी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी म्हणून नांदले, तिथे हे शिकवून पाठवणं मोठा अन्याय आहे. ज्यांना कथा पाठ आहे अशा प्रौढांनी गुड फ्रायडेला पाहायला हरकत नाही.

प्रौढ अभ्यासगटाला मी माली या आफ्रिकी देशातला ‘ला जेनेझ’ (1999) सुचवेन. शेख उमर सिसोको यांनी बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकातली याकोब, त्याचा भाऊ एसाव आणि मुलगी दीना यांची कथा बंबारा भाषेत, गुरं राखणारे आणि शेती करणारे यांच्या वैरातून मांडलीय. उत्पत्तीतली माणसं युरोपियन चेहऱ्यांची असावी लागत नाहीत, हे याइतकं क्वचितच कुठे जाणवतं. बलात्कार आणि कत्तल आहे, त्यामुळे मुलांसाठी नाही.

मुलांसाठी मोशेची गोष्ट सांगणारा ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ (1998). काही गोष्टींत मोकळीक घेतल्याचं हा अ‍ॅनिमेशनपट सुरुवातीलाच कबूल करतो, आणि त्यातूनच छान धडा तयार होतो. सिनेमात मोशेच्या हातून मुकादम धक्का लागून खाली पडतो. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात मोशे इकडेतिकडे बघतो, कुणी नाही असं पाहून त्या मिसऱ्याला, म्हणजे इजिप्तच्या माणसाला, ठार मारतो आणि वाळूत पुरतो. दोन्ही शेजारी ठेवा आणि सिनेमावाल्यांनी हे का बदललं असेल ते मुलांना विचारा. मुलं तावातावानं भांडतात. भांडू द्यावं.

वर्गात मुसलमान मुलं असतील तर मात्र थांबून विचार करा. मोशे, म्हणजे मूसा, इस्लाममध्ये पैगंबर मानला जातो, आणि पैगंबराचं चित्र काढणंच अनेकांना मान्य नसतं. मलेशिया आणि मालदीवमध्ये या चित्रपटावर बंदी आली ती उगाच नव्हे. अशा वर्गात मोशेची गोष्ट तोंडी सांगा. मूसा त्यांच्याही कुराणात आहे, तेव्हा त्यांच्या घरी ती कशी सांगतात हे त्या मुलांकडूनच सगळ्यांना ऐकता येईल.